कराचीहून आलेलं उत्तर

पाकिस्तानच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झालेल्या एका माणसाच्या फायली मी तीन वर्षं उचलल्या आहेत. हे सांगितलं की ऐकणारा एकतर हसतो, नाहीतर उठून दार लोटून घेतो. त्यात त्याची काही चूक नाही. पण पन्नास सालानंतरच्या त्या काळात आमच्या नंदुरबारच्या कोर्टात साहेब म्हणजे नुसते साहेब होते. मी त्यांचा जूनियर होतो. या हकिगतीत जे वाईट झालं ते त्यांच्या हातून नाही, माझ्या हातून झालं, आणि त्यात त्यांच्या बहिणीचं घर गेलं. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घ्यायला नको.

मी तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. शहाद्याच्या बाजूला आमचा कापूस आणि केळी. शेतीत माझा हात इतका बेताचा, की वडील पाहुण्यांना सांगत, ‘याला वखर धरता येईना, म्हणून काळा कोट घेऊन दिला.’ सनद मिळाली तेव्हा गावातल्या बड्या वकिलांनी मला दारात उभं केलं नाही. साहेबांनी विचारलं, ‘पावरी बोली येते का?’ मी म्हटलं, थोडी येते, आमच्याकडे सालदार सगळे सातपुड्यातलेच. ते म्हणाले, ‘मग उद्यापासून ये.’ माझ्या कायद्याच्या ज्ञानाबद्दल त्यांनी त्या दिवशी काही विचारलं नाही आणि पुढे कधी फारसं बरं बोललेही नाहीत.

साहेबांच्या वडिलांची लाकडाची लहानशी वखार होती. आई लवकर गेली, पाठोपाठ वडील गेले, वखार भागीदाराने गिळली. साहेबांना वाढवलं ते त्यांच्या मोठ्या बहिणीने. तिला सारी गल्ली आपा म्हणे, मीही आपाच म्हणत असे. आपा विशीतच विधवा झाली होती. शिवणाच्या मशीनवर गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवून तिने भावाला मुंबईला पाठवलं आणि वकील करून आणलं. साहेबांची वकिली चालायला लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे ओटा असं पत्र्याचं घर बांधलं. घर त्यांच्या नावावर होतं, पण त्यात चालायचं आपाचंच. खुद्द साहेबसुद्धा चपला कुठे काढायच्या ते तिला विचारून काढत.

घरात बहीण-भाऊ उर्दू बोलत, ओट्यावर आलं की अहिराणी. कोर्टात साहेब मराठी बोलत, आणि ती अशी की मास्तरांनी फळ्यावर लिहून ठेवावी. आवाज कधी चढायचा नाही. एकदा तोरणमाळकडच्या एका पावरा आदिवासीवर सागाची चोरटी तोड केल्याचा खटला होता. जंगलखात्याचा शिपाई छातीवर हात ठेवून सांगत होता, मी स्वतः पहाटे चढून गेलो, माल पकडला, जागेवर पंचनामा केला. साहेबांनी विचारलं, ‘वर चढायला किती वेळ लागतो?’ तो म्हणाला, ‘चांगला तीन-चार तास लागतो साहेब, दम निघतो.’ मग साहेबांनी फायलीतून दुसरा कागद काढला. त्याच सकाळी, त्याच वेळेला, खाली शहाद्याच्या एका प्रकरणात त्याच शिपायाची पंच म्हणून सही होती. पावरा सुटला आणि काय झालं हे न कळल्यामुळे बराच वेळ तिथेच बसून राहिला. बाहेर आल्यावर साहेब मला म्हणाले, ‘साक्षीदाराला प्रश्न विचारण्याआधी त्याने पूर्वी काय लिहून ठेवलंय ते शोधायचं. बाकीची वकिली नंतर.’ मी मान हलवली. मान हलवण्यात मी हुशार होतो.

पंचावन्न-छप्पनच्या सुमारास एका सकाळी त्यांनी सांगितलं, की ते कराचीला जाणार आहेत, कायमचे. मला कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. फाळणीच्या वेळी गेले नाहीत, त्यानंतरच्या वाईट वर्षांत गेले नाहीत, आणि आता सगळं निवल्यावर का? बायकोचं सगळं माहेर तिकडे होतं आणि ती इकडे झुरत होती, एवढं मला माहीत होतं. तेवढंच कारण असेल की नाही, देव जाणे. मी विचारलं तर म्हणाले, ‘वकिलाने अशिलाला कारण विचारावं, दुसऱ्या वकिलाला विचारू नये.’ आपा मात्र नवऱ्याची कबर सोडून जायला तयार नव्हती. ‘मन्हा मानूसनी कबर आठे शे,’ एवढं एकच ती सांगायची.

निघण्याच्या दिवशी सकाळी साहेबांनी मला आणि शेजारच्या एका म्हाताऱ्या लाकूड-दलालाला ओट्यावर बोलावलं. मुसलमानी कायद्यात तोंडी बक्षीस चालतं, त्याला हिबा म्हणतात. देणाऱ्याने दिलं म्हणायचं, घेणाऱ्याने घेतलं म्हणायचं आणि ताबा द्यायचा. कागद लागत नाही. पण ताबा म्हणजे नुसती किल्ली हातात ठेवणं नव्हे, देणाऱ्याने आपलं सामान घेऊन घराबाहेर पडायला हवं. साहेबांनी आमच्यादेखत किल्ल्या आपाच्या हातात दिल्या आणि म्हणाले, ‘आपा, हाई घर मी तुले दिधं.’

आपा म्हणाली, ‘मी लिधं.’

मग त्यांनी स्वतःच्या ट्रंका स्वतः उचलून रस्त्यावर ठेवल्या. गाडी संध्याकाळची होती, अजून दुपारसुद्धा झाली नव्हती. आपाचा जीव कळवळला. ‘पानी पेवाले तरी मझार ये,’ ती त्यांना आत बोलावत म्हणाली. साहेब उन्हात उभे होते. ‘आते तुन्हं घर शे आपा. तू बलावशी तवय पाहुना म्हनीसन येसू. आज नही.’ त्यांनी उंबरा ओलांडला नाही. दिवसभर बायकोला घेऊन स्टेशनवर वेटिंगरूममध्ये बसून राहिले, आपा तिथे डबा घेऊन गेली. मी म्हटलं, साहेब, एका कागदावर दोन ओळी लिहून सह्या घेऊ या का? ते म्हणाले, ‘कायद्याला शब्द पुरतो. आणि साक्षीदार तू आहेस ना?’ सुरतेकडची गाडी आली आणि ते गेले. पुढे मुंबईहून बोटीने कराची.

आपाला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून साहेबांची पत्रं माझ्या पत्त्यावर येत, मी ती आपाला वाचून दाखवी आणि तिचं उत्तर लिहून घेई. ती अहिराणीत सांगे, मी तसंच अहिराणीत लिही. पत्रं वाचून झाली की आपा म्हणे, ‘तूच ठेव भाऊ, मन्हाकडे उंदरं खाई जातीन.’ कराचीतल्या एका बड्या माणसाला आमच्या गल्लीतल्या शेळीला दोन करडं झाल्याची बातमी माझ्या अक्षरात मिळत असे, आणि तो उलट टपाली विचारी, रंग कोणता?

त्या पत्रांतून मला साहेबांचं तिकडचं आयुष्य कळत गेलं. पहिली दोन वर्षं हाल झाले. कुणी ओळखत नव्हतं, एका नातेवाइकाच्या दुकानामागच्या खोलीत ऑफिस. मग सरकारी वकील झाले, मग सिंधमध्ये सेशन्स जज्ज. फाशीची पहिली शिक्षा सुनावली त्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं, ‘निकाल बरोबर होता. दोन दिवस जेवलो नाही.’ मी ते वाचलं तेव्हा आपाने पोलकं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, ‘त्याले लिख, उपाशी ऱ्हाईसन न्याय व्हस का? जेव म्हना.’ मी ते शब्दशः लिहिलं. सेशन्स जज्जला असं लिहिणारी दुसरी बाई साऱ्या सिंधमध्ये नसेल.

साठ सालानंतर, तीनेक वर्षांनी असेल, साहेब हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाल्याचं पत्र आलं. मी पत्र हातात धरून गल्लीतून चक्क पळत गेलो. आपाने सगळ्या गल्लीत गूळ वाटला.

आता आमच्या बारचा, म्हणजे वकील-मंडळाचा, एक रिवाज सांगायला हवा. आमच्या कोर्टातून वकिली केलेला माणूस कुठेही न्यायाधीश झाला, की बाररूममध्ये सभा भरायची, अभिनंदनाचा ठराव उभं राहून वाचायचा, पुस्तकात लिहायचा आणि त्या माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा. मी तेव्हा बारचा सेक्रेटरी होतो. मी सभा बोलावली. सगळ्यांना आनंदच होता, फक्त एक वयस्क वकील उठले. ते साहेबांच्या बरोबरीचे, कोर्टात साहेबांशी आयुष्यभर झुंजलेले. ते म्हणाले, ‘ज्याने इथली मुळं उपटून नेली, त्याचा फोटो कशाला? उद्या भांडण झालं तर तो कुणाच्या बाजूचा?’

दोन-चार माना त्यांच्या बाजूने हललेल्या मला दिसल्या. माझं डोकं सटकलं. मी उठलो आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, ‘कोण म्हणतं मुळं उपटली? साहेबांचं घर आजही या गावात उभं आहे. त्यांनी ते विकलं नाही, कुणाला बक्षीस दिलं नाही. म्युनिसिपालिटीच्या दप्तरात जाऊन बघा, घर त्यांच्याच नावावर आहे. ज्याला परत यायचं नसतं तो घर ठेवून जातो का?’ टाळ्या पडल्या. दप्तरात नाव साहेबांचंच होतं हे खरं होतं, कारण आपाच्या नावाने बदल करून घ्यायचा अर्ज मीच द्यायचा होता आणि ‘देऊ, देऊ’ म्हणत सात वर्षं दिला नव्हता. दुसऱ्यांचे अर्ज तातडीचे आणि घरच्यांचे सवडीने, हा आमचा धंद्याचा रोग. टाळ्यांच्या भरात मी ते वाक्य ठरावातही घातलं: ‘साहेबांनी या गावातील आपले घर विकले नाही, कोणास बक्षीसही दिले नाही, ते आजही त्यांच्याच नावावर, त्यांच्या परतीची वाट पाहत उभे आहे.’ खाली माझी सही.

ज्या हिब्याला मी साक्षीदार होतो, तोच हिबा झाला नाही असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं. आणि ते मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. वादात जिंकायचं एवढंच डोक्यात होतं. वकील सोडून दुसऱ्या कुणाच्या हातून अशी चूक होईल असं मला वाटत नाही.

ठरावाची नक्कल कराचीला गेली. महिन्याभरात उत्तर आलं. ‘ठराव मिळाला, सर्वांचा आभारी आहे. मात्र घरासंबंधीचे वाक्य खरे नाही. ते घर मी आपाला दिलेले आहे आणि तू तेव्हा हजर होतास. पुस्तकात दुरुस्ती कर आणि मला कळव.’ खाली पूर्ण सही, तारीख. मी आपाला वाचून दाखवलं तेव्हा भावाची जुनी मास्तरकी सुटली नाही म्हणून ती हसली. ‘जज्ज व्हयना तरी मास्तरकी करी ऱ्हायना.’ मीही हसलो. दुरुस्ती केली नाही. ती करायची म्हणजे त्याच सभेत, त्याच वयस्क वकिलांसमोर उभं राहून ‘माझा मुद्दा खोटा होता’ असं म्हणायला हवं होतं. मला ते जमण्यासारखं नव्हतं. मग विसरलोच. निदान मी आजवर सगळ्यांना विसरलो असंच सांगत आलो.

पासष्टचं युद्ध झालं. साहेबांचा फोटो भिंतीवरून कधी उतरला ते कुणी सांगेना, तिथे नुसता पांढरा चौकोन राहिला. गावात कुजबूज सुरू झाली. एका दुपारी एक हवालदार पोस्टात येऊन विचारून गेला, की पाकिस्तानातून कुणाकुणाला पत्रं येतात. पोस्टमनने मला येऊन सांगितलं. म्हणाला, ‘वकीलसाहेब, तुमचंच नाव सगळ्यात वर आहे.’ घरात तीन मुलं, सनद गेली तर खायचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बंबात आंघोळीचं पाणी तापवत होती. मी ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा काढला आणि मूठ-मूठ करून बंबात टाकला. शेळीच्या करडांचा रंग विचारणारं पत्र गेलं, फाशीच्या दिवसाचं गेलं, हायकोर्टाचं गेलं, आणि ते ‘दुरुस्ती कर’ म्हणणारंही गेलं. पत्रं आपाची होती, माझ्याकडे फक्त ठेवायला दिलेली. मी तिला विचारलं नाही. दोन दिवसांनी सांगितलं, तेव्हा ती मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाली, ‘बरं करं.’

पुढच्या उन्हाळ्यात आपाच्या दारावर नोटीस चिकटली. पाकिस्तानी नागरिकाची मालमत्ता म्हणजे शत्रूची मालमत्ता, ती सरकारच्या ताब्यात जाणार, कुणाची हरकत असल्यास प्रांत कचेरीत चौकशीला यावं. दप्तरात नाव साहेबांचं. म्हातारा दलाल कधीच वारला होता. हिब्याचा जिवंत साक्षीदार एकटा मी. मी आपाला म्हटलं, ‘आपा, घाबरू नको. हे घर तुला दिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी साक्ष पुरे आहे.’ ती म्हणाली, ‘माले काय भ्याव? तू शे ना.’

चौकशीला प्रांतसाहेब तरुण होते, सभ्य होते. आपाला त्यांनी खुर्ची दिली. तिने काळा बुरखा घातला होता, चेहरा उघडा. मी साक्ष दिली, सगळी, किल्ल्यांपासून स्टेशनपर्यंत. प्रांतसाहेब मन लावून लिहून घेत होते आणि मला वाटलं, झालं काम. मग सरकारतर्फे उलटतपासाला उठले ते आमचे वयस्क वकील. त्यांच्या काखेत बारच्या ठरावांचं पुस्तक होतं.

ते पुस्तक बघताच मला सगळं एका क्षणात आठवलं. साक्षीदाराने पूर्वी काय लिहून ठेवलंय ते शोधायचं, हे काही एकट्या साहेबांनाच माहीत नव्हतं.

‘हे अक्षर कुणाचं?’

‘माझं.’

‘सही?’

‘माझीच.’

त्यांनी ते वाक्य सावकाश वाचलं. ‘कोणास बक्षीसही दिले नाही’ हे दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, ‘तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?’

मी म्हटलं, भावनेच्या भरात लिहिलं गेलं. ते म्हणाले, नंतर दुरुस्ती केलीत का? मी म्हटलं, नाही. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, उलट थोडं वाईटच वाटत असावं. त्यांनी स्वतःहून मला एक दार उघडून दिलं. ‘नक्कल तुम्ही कराचीला पाठवली होती. ते न्यायमूर्ती आहेत, असलं चुकीचं वाक्य ते सोडणार नाहीत. त्यांचं काही उत्तर आलं होतं का?’

हो म्हणालो असतो तर घर वाचण्याची आशा होती. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न, कुठे आहे उत्तर? मी जाळलं. का जाळलं? युद्धाच्या दिवसांत, पोलिसांची विचारपूस सुरू असताना, शत्रुराष्ट्राच्या न्यायाधीशाची पत्रं एका वकिलाने बंबात घातली. प्रांतसाहेबांची लेखणी थांबली होती. कोपऱ्यात पोलिसांचा एक माणूस बसला होता. मी शपथेवर होतो.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘उत्तर आलं नाही.’

मी स्वतःचा आवाज ऐकला आणि हादरलो. मी खोटं बोलेन असं मला बोलायच्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मग मला आठवलं, की तीन हातांवर आपा बसली आहे, आणि ते पत्र मी तिला वाचून दाखवलेलं आहे. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

नंतर तिची पाळी आली. वयस्क वकिलांनी तिला एकच प्रश्न विचारला, तोही हळू आवाजात. ‘आपा, घर तुम्हाला दिलं असं तुमच्या भावाने कधी पत्रातून लिहिलं होतं का?’

आता ती सांगणार. मला तिथून उठून जावंसं वाटलं. तिने सांगितलं असतं तर ते तिच्या हक्काचंच होतं, तिचं छप्पर होतं, तिच्या मशीनवर उभं राहिलेलं. आपाने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पोलकं बेतताना कापडाकडे पाहावं तसं, नीट.

‘नही साहेब,’ ती म्हणाली. ‘कधीच नही.’

प्रांतसाहेबांनी कागदाप्रमाणे निकाल दिला. दुसरा काय देणार? मीही त्यांच्या जागी तोच दिला असता. कचेरीच्या पायऱ्यांवर मी आपाला म्हटलं, ‘आपा, तुम्ही का नाही सांगितलंत?’ आजवर तिला मी ‘तू’ म्हणत आलो होतो, त्या दिवशी तोंडातून ‘तुम्ही’ निघालं. ती म्हणाली, ‘तुन्हा घरमा लेकरं शेतस भाऊ.’ आणि पायऱ्या उतरून गेली.

सरकारने तिला कळवलं, की हवं तर भाडेकरू म्हणून राहा. आपा म्हणाली, ‘मन्हाच घरमा मी भाडेकरू?’ शिवणाची मशीन हातगाडीवर घालून ती दुसऱ्या गल्लीत एका खोलीत राहायला गेली. मी गाडी ढकलायला गेलो तर तिने नको म्हटलं नाही. तिने नको म्हटलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मला निदान त्या रात्री झोप लागली असती.

युद्धात बंद पडलेलं टपाल पुन्हा सुरू झालं तेव्हा तिने मला बोलावणं पाठवलं. भावाला पत्र लिहायचं होतं. ती सांगू लागली, मी लिहू लागलो. ‘घर सरकारनी लिधं. मी बरी शे. फिकीर करू नको. वकीलभाऊनी खूप मेहनत करी.’ लेखणी थांबली. ती म्हणाली, ‘लिख.’ मी लिहिलं.

साहेब तोवर तिकडे बरेच ज्येष्ठ झाले होते. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. मी नव्या खोलीत बसून वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीवर अडलो. त्यांनी विचारलं होतं: ‘ठरावातील वाक्य खोटे आहे असे मी सहीनिशी कळवले होते. ते माझे पत्र चौकशीत दाखवले होते का? एवढेच कळव.’

आपा म्हणाली, ‘पुढे वाच.’ मी वाचलं. दुसरं करणार काय, तिला वाचून दाखवणारा मीच होतो. मशीनचं चाक थांबलं. मी मनाशी ठरवलं, आता खरं लिहायचं. त्यांनी मला शिकवलं, त्यांना तरी खरं कळू दे. मी म्हटलं, ‘आपा, लिहितो, की पत्र मी जाळलं आणि कचेरीत खोटं बोललो.’

‘नही,’ आपा म्हणाली. ‘लिख, दाखाडं व्हतं. प्रांतसाहेबनी मानं नही.’

‘आपा, हे खोटं आहे.’

‘माले समजस,’ ती म्हणाली. ‘घर त गयं. एक भाऊ समुद्रपार गया. आते दुसरा बी गमाडू का? लिख.’

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. त्याचा धक्का मला त्या दिवशी बसला तो अजून उतरलेला नाही. खोटं इतक्या सहज लिहिता येतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

महिन्याने उत्तर आलं. पाकीट हातात पडलं तेव्हा वाटलं, साहेबांनी ओळखलं असणार. त्यांनी ओळखलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, की एका न्यायमूर्तीच्या सहीचं पत्र समोर असताना एका विधवेचं घर घेतलं गेलं, म्हणजे तुमच्याकडे आता न्याय उरलेला नाही. तू एकटा लढलास, त्याबद्दल तुझे आभार कसे मानू? माझ्या खोट्यामुळे साहेबांनी ज्यांना अन्यायी ठरवलं ते प्रांतसाहेब तरुण होते, सभ्य होते, त्यांनी आपाला खुर्ची दिली होती. मी ते पत्र आपाला शेवटच्या सहीपर्यंत वाचून दाखवलं.